कोकणात नेलेलं पाणी

आमच्या घरातली सहल कधी ठरत नाही. सगळे ठरवून ठरवून कंटाळले की मग ती निघते. याही वर्षी तेच चाललं आहे. मोबाईलवर 'मे महिना केळशी' नावाचा गट काढून महिना होत आला. मुलाने नागापूरच्या कारखान्यातून सुट्टी मिळेल म्हणून एकामागून एक वेगवेगळ्या तारखा टाकल्या, सुनेने प्रत्येक तारखेला 'चालेल' म्हटलं, आमचे हे रोज सकाळी त्या गटावर गुलाबाचं फूल टाकतात, आणि व्याह्यांनी विचारलं, "केळशीला काय आहे? त्यापेक्षा अलिबाग करा, नाव तरी आहे." मी पुन्हा पुन्हा लिहिते आहे की गाडीत जागा सात आहेत आणि आपण आठ आहोत, आधी हे सोडवा. कोणी सोडवलं तर नाहीच, उलट व्याहीही येतो म्हणाले. परवा केळशीहून शालनमावशीचा फोन आला. मावशी आता सत्तरीला टेकली आहे, मास्तर, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून एकटीच राहते. ती म्हणाली, "येणार का नाही तेवढं एकदाचं सांगा गं. मला पाणी भरून ठेवायचंय." मुलाला हे ऐकवलं तर तो म्हणाला, "पाणी कशाला? आपण बाटल्यांचे खोके नेऊ ना."  पाणी सोबत घेऊन कोकणात जाण्याचा उद्योग आमच्या घराण्यात एकदा होऊन गेलेला आहे, आणि तो पुरेसा होता.

तेव्हा आम्ही बेलापूरला राहायचो. घर पाटाच्या जवळ, पुढे आमचा ऊस, मागे चुलत्यांचा. पाटाला पाणी सुटलं की घरात आधी आवाज यायचा, मग गारवा. चारीतून पाणी उसात शिरताना सुकलेल्या पाचटाचा एक बारीक चुरचुर आवाज होतो, तो मला अजून कुठेही ओळखू येईल. माझे नाना म्हणजे वडील त्या आवाजावर जगायचे. जेवताना, झोपताना, पाहुण्याशी बोलताना त्यांचा एक कान चारीकडे असायचा. आणि पाटाचं पाणी कोणाला कधी मिळायचं, हे ज्यांच्या हातात होतं ते माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील. ते पाटकरी होते. सरकारी खाकी सदरा, सायकल, आणि चारीच्या दाराची किल्ली. कोणाची बारी, म्हणजे पाण्याची पाळी, कधी लागते आणि कधी संपते, हे त्यांच्या डोक्यात असायचं. बारी ज्याची, पाणी त्याचं, हा त्यांचा एकच कायदा. मग तो मोठा बागाईतदार असो की पाव एकराचा धनी. जावई म्हणून नानांना त्यांनी कधी एक घटका पाणी जास्त दिलं नाही, आणि नानांनी ते त्यांना कधी माफ केलं नाही.

फेरीवर असताना आजोबा कोणाच्या वस्तीवर पाणी पीत नसत. "ज्याच्या घरचा तांब्या तोंडाला लावला, त्याच्या शेतात दोन वाफे जास्त भिजले असं लोकं म्हनत्यात," ते म्हणायचे. त्यांच्या सायकलला कापडात गुंडाळलेली बाटली बांधलेली असायची. निवृत्त झाल्यावरही ती सुटली नाही. पण त्यांची पाण्याची दुसरी एक रीत होती, ती त्यांच्या नोकरीतली नव्हती, जुन्या लोकांतली होती. मुलगी दिली की तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आमच्याकडे बहुतेकांनी ही रीत कधीच सोडून दिली होती. आजोबांनी सोडली नाही. माझ्या जन्माच्या वेळी ते आमच्या घरी आले, ओसरीवर बसले, आधी तांब्याभर पाणी मागून प्यायले आणि मग माझं तोंड पाहिलं, असं आई सांगायची. म्हणजे आमच्या घरातलं पाणी त्यांना माझ्यामुळे चालत होतं. लहानपणी मला याचा मोठा अभिमान वाटायचा. पुढे शालनमावशीचं समजलं आणि तो अभिमान जरा कमी झाला.

मावशी आईच्या पाठची. गावातल्या हायस्कुलात कोकणातून एक मास्तर आले होते, गणित शिकवायचे, त्यांच्याशी तिचं लग्न झालं. मग मास्तरांची बदली त्यांच्या गावाकडे झाली आणि ती केळशीला गेली. मूल झालं नाही. वर्षं गेली तरी झालं नाही. आजोबा त्यामुळे तिच्याकडे कधी गेलेच नाहीत. एवढा प्रवास करून जायचं आणि घोटभर पाणी न घेता परत यायचं, त्यापेक्षा न गेलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. दिवाळीला मावशी एकटी यायची. मी आठवीत होते त्या दिवाळीत करंज्या भरताना ती आईला सहज म्हणावं तसं म्हणाली, "सासूबाई कुणी आलं की सांगतात, हिच्या बापानं अजून आमचा उंबरा पाहिला नाही." आईच्या हातातली करंजी तशीच उघडी राहिली. मावशी माहेरून निघाली त्या दिवशी आईने ठरवलं: या उन्हाळ्यात दादांना, म्हणजे आजोबांना, घेऊन केळशीला जायचं, आणि त्यांना तिथं पाणी प्यायला लावायचं. त्याशिवाय शालनला त्या घरात मान वर करता येणार नाही.

आईने ठरवलं हे खरं, पण आमच्या घरात ठरवण्याला किंमत नव्हती. नाना म्हणाले, "जाऊ की. पाटाचं उन्हाळी पाणी तेवढं होऊ दे." पाणी सुटायची तारीख पुढे गेली. पाणी सुटलं तर बारी पुढे गेली. बारी झाली तर नाना म्हणाले, "आता खत टाकलंय, एक पाणी बसलं म्हंजी निघू." मग त्यांच्या मावसभावाचं लग्न आलं. मग कोणीतरी सांगितलं की कोकणात मेमध्ये फार उकडतं. "कधी उकडत नाही तिथं?" मी विचारलं. तर म्हणे पावसाळ्यात. मग पावसाळ्यात जाऊ म्हटलं तर, "पावसाळ्यात कसं जानार? पेरण्या असत्यात." हे असं. मी तेव्हा आठवीतून नववीत गेले होते, गणितात पहिली होते, म्हणून प्रवासाचा आराखडा माझ्याकडे दिलेला होता. मी स्टँडवर जाऊन एसटीच्या वेळा विचारून आले. नगरला बदल, पुण्याला बदल, महाडला बदल, मंडणगडला बदल. शाळेच्या नकाशात केळशी नव्हतीच. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, एवढं लांब जायचं तर नावाजलेल्या ठिकाणी जावं, गणपती तरी बघून होईल. केळशीचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं आणि न ऐकलेल्या गावाला उन्हाळ्यात कोणी जातं, हेच त्यांना पटत नव्हतं.

त्यातच आमच्या सुमनकाकूने, म्हणजे धाकट्या चुलतीने, जाहीर केलं की तीही येणार. "मला काय समुद्र बघायचा न्हाई का? आन् एसटीत मला मळमळतं, आधीच सांगून ठेवते." म्हणून जीप ठरली. जीप योहानमामाची. ते गावातल्या चर्चच्या मागे राहायचे, श्रीरामपूरच्या बाजाराला माणसं नेऊन आणायचे. मी त्यांना रस्ता माहीत आहे का विचारलं तर म्हणाले, "रस्ता असंल तिथं गाडी जाती. नसंल तिथं तुमी ढकला." मी स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने जीप काढली, कोण कुठे बसेल ते लिहिलं, मागे सामान किती मावेल ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी काकूने दार ओल्या फडक्याने पुसून काढलं. का पुसलं विचारलं तर, "पाहुनं आलं तर दारावर नावं लिहिल्याली बरी दिसत्यात का?" मी परत काढलं. तिने परत पुसलं. तिसऱ्यांदा मी काढलं नाही, त्याचा आजही मला थोडा राग येतो. कारण तो हिशेब दारावर लिहिलेला असता तर पुढे जे झालं त्यात निदान वाद घालायला काहीतरी आधार राहिला असता.

काकूचा दुसरा ध्यास म्हणजे खाणं. "तिकडं नुसता भात खात्यात म्हनं. भाकरीबिगर मानूस दोन दिस तरी चालंल का?" दोन दिवस आधीपासून घरात तव्याचा वास बसला. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, गुळाच्या पोळ्या, वर बाजरीच्या पिठाचं अर्धं पोतं. शिवाय मावशीसाठी कुरडयांचा डबा. मी सांगितलं की घाटात त्या कुरडयांचा भुगा होईल. "व्हऊ दे भुगा. भुगा तळता येत न्हाई व्हय?" सामानाची जागा तेव्हाच संपली होती.

आणि निघायच्या दिवशी सकाळी आजोबा आले. त्यांच्यामागे गावातली हातगाडी, आणि हातगाडीवर घट्ट झाकणाचा निळा ड्रम. पन्नास लिटरचा, काठोकाठ भरलेला.

"आजोबा, हे काय?"

"पानी."

"आपण समुद्राला चाललोय."

"म्हून तर."

मला आधी वाटलं, समुद्राचं पाणी खारट म्हणून ते भ्याले असतील. आमच्या भागातला माणूस असा भिऊ शकतो. मी त्यांना समजावून सांगायला लागले की पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, वर ड्रमचं वजन, म्हणजे एक अख्खा माणूसच झाला, आणि जीपमध्ये माणसाची जागा उरलेली नाही. "मग एक माणूस कमी करावा लागेल," मी म्हणाले. काकू म्हणाली, "माझ्याकडं काय बघतीस?" तेवढ्यात आई बाहेर आली. तिने ड्रम पाहिला आणि तिला एका क्षणात सगळं समजलं. तिला राग आला की तिचा आवाज खाली जायचा.

"दादा, शालनच्या दारात हा ड्रम उतरवणार तुम्ही? तिच्या सासूदेखत?"

"उतरवायचा कशाला? गाडीतच राहील. मी भाईर येऊन पिईन."

"म्हणजे सगळ्या आळीला दिसेल. ती बाई आजवर घरात बोलत होती, आता चव्हाट्यावर बोलेल."

"मी शालीला कधी बोल लावला का? रीत हाय ती हाय. पोरगी दिली, ती तिथं रुजली का न्हाई ते लेकरू झाल्यावर कळतं. तवर तिच्या घरचं घ्यायचं न्हाई."

"इतकी वर्षं नांदतीय तिथं. अजून रुजायची राहिली?"

 आजोबा योहानमामांना दोर मागायला गेले. ड्रम मागच्या बाजूला दोन बाकांच्या मधे उभा बांधला गेला, आणि पूर्ण रस्ताभर माझे गुडघे त्या ड्रमला लागून होते. नाना पुढे बसले. त्यांनी सासऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, "आमच्या उसाला कधी एवढं पानी दिलं न्हाई."

त्या प्रवासाचं मी फारसं लिहीत नाही. आठवतो तो ड्रमचा आवाज. रस्त्याचं वळण आलं की आत पाणी एका अंगाने चढायचं आणि धपकन परत यायचं, आणि दर वेळी काकू म्हणायची, "देवा रे." पुण्यापर्यंत तिची मळमळ जीपमध्येही चालूच होती. भोरनंतर डोंगर लागले, घाट उतरून महाड आलं, आणि हवा अंगाला चिकटायला लागली. आम्ही देशावरची माणसं, उन्हाची आम्हाला सवय, पण ते ऊन कोरडं असतं. हे ऊन ओलं होतं. काकूने विचारलं, "समुद्र आला का?" अजून बराच लांब होता.

महाड सोडून मंडणगडाकडे चढताना जीपच्या तोंडातून वाफ यायला लागली. योहानमामांनी गाडी बाजूला घेतली. इंजिनाला पाणी नेणारी रबरी नळी फाटली होती. आजोबा लांब एका झाडाखाली जाऊन बसले होते, कारण गाडी बंद पडली की चारजण भोवती जमून सल्ला देतात याचा त्यांना तिटकारा. मामांनी नळीवर चिंधी गच्च गुंडाळली आणि म्हणाले, "कमलताई, अर्धी बादली पाणी लागंल." कमल म्हणजे माझी आई. मामांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने ड्रमचं झाकण फिरवलं होतं. अर्धी बादली झाली. चिंधीतून पाणी गळत होतं, म्हणून थोडं पुढे जाऊन परत अर्धी. मग परत. प्रत्येक वेळी आई आधीच बादली घेऊन तयार. शेवटच्या वेळी मामा म्हणाले, "बास, भरलं," तरी ती ओतत होती, आणि पाणी चाकाखाली वाहत होतं. मला तेव्हा वाटलं, उन्हाने तिचं लक्ष नाही. नंतर पुष्कळ वर्षं मी तिला विचारत राहिले. ती म्हणायची, "गाडी पोचायला नको होती का?" आणि दुसरं काहीतरी काढायची.

आजोबांनी ड्रम हलवून पाहिला तो चढ संपल्यावर. तो एका हाताने हलला.

"सगळं?"

"पाटकरीबाबा, गाडीची बारी आधी लागली," योहानमामा म्हणाले. आजोबा त्यावर हसले नाहीत.

मंडणगडच्या स्टँडवर त्यांनी जीप थांबवायला लावली. ड्रम स्वतः उतरवला आणि नळाशी नेला. नळ कोरडा. शेजारच्या हॉटेलवाल्याला विचारलं, तर तो हसायला लागला. "बाबा, मे महिना आहे. तुमच्याकडे पाट आहेत, आमच्याकडे टँकर. चहा हवा तर देतो, ड्रम नाही भरून मिळायचा."

"इथं पाऊस लई पडतो म्हनत्यात."

"पडतो की. पडतो आणि जातो."

हे ऐकून आजोबांना जेवढा धक्का बसला, तेवढा ड्रम रिकामा झाल्याचाही बसला नसेल. सगळा जन्म त्यांनी ऐकलं होतं की कोकण म्हणजे पाणीच पाणी. केळशी येईपर्यंत ते रिकामा ड्रम मांडीशी घेऊन बसले. चहाही त्यांनी अर्धाच घेतला होता.

मावशीचं घर चिऱ्याचं, पुढे ओटी, बाजूला माड आणि पोफळी. मावशी अंगणात उभी होती. आईच्या गळ्यात पडली, मला कुरवाळलं, काकूला हात दिला, नानांना नमस्कार केला, आणि मग आजोबांच्या पायाशी वाकली. सासूबाई ओटीवर पाटावर बसलेल्या, त्यांनी "या हो, बसा" म्हटलं आणि नजर जीपमधल्या निळ्या ड्रमवर ठेवली. मी हातपाय धुवायला मागे गेले आणि न्हाणीच्या दारात थबकले. हंडे, घागरी, कळश्या, पितळी पातेली, डाळ शिजवायची तपेली, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा, सगळं पाण्याने भरून, वर धुतलेली फडकी बांधून ठेवलेलं. एका कोपऱ्यात न धुतलेल्या कपड्यांचा ढीग. मी मोजायला लागले आणि मग सोडून दिलं.

बाहेर ओटीवर मावशी गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली होती. आजोबांनी हात जोडल्यासारखं केलं. त्यांचे ओठ सुकून पांढरे झाले होते, हे मलाही दिसत होतं.  मास्तर मोठे भिडस्त, त्यांना ही रीत माहीत होती. ते उठले आणि म्हणाले, "दादांसाठी शहाळं काढतो मी." आजोबांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"शहाळं चालंल. ते झाडाचं. ते काय पानी न्हवं."

"अहो, कोयता ठेवा खाली," मावशी म्हणाली.

मास्तरांनी कोयता ठेवला. मावशीला इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनीही ऐकलं नसावं.

"दादा, माड आमच्याच परसातला आहे. तो चालतो आणि तांब्या चालत नाही?"

"तसं न्हाई गं शाली—"

"मग कसं? आमच्या विहिरीवर तीन घरांची बारी आहे. काल आमची होती. हे सगळं पाणी मी ओढलं आणि डोक्यावरून वर आणलं. दोन बाऱ्या झाल्या, मी धुणं नाही केलं, तुम्ही येणार म्हणून. बारी ज्याची पाणी त्याचं, त्यात कुणी हात घालायचा नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. हे माझ्या बारीचं पाणी आहे. सासूबाईंचं नाही, यांचं नाही, न झालेल्या लेकराचंही नाही. माझं आहे, आणि मी तुम्हाला देतीय. घ्यायचं तर घ्या. नाही तर हा तांब्या घ्या आणि ओता तिकडं मातीत. पण तुमच्या हातानं ओता."

तिने तांब्या त्यांच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिली. आजोबांनी जन्मात पाणी मातीत ओतलं नव्हतं. चारी फुटून रस्त्यावर पाणी आलं तर ते रात्रीबेरात्री फावडं घेऊन धावायचे, कोणाचंही असो. ते तांब्याकडे बघत बसले. काकू देवाचं नाव घ्यायलासुद्धा विसरली. मग त्यांनी मान मागे टाकली, तांब्या वर धरला आणि धार तोंडात सोडली. तांब्या संपेपर्यंत धार तुटली नाही. एक थेंब सदऱ्यावर पडला, तो त्यांनी बोटाने पुसून बोट ओठाला लावलं.

"शालन," सासूबाई म्हणाल्या, "आणखी दे हो त्यांना. घसा कोरडा पडलाय." आणि मग जरा थांबून आजोबांना म्हणाल्या, "पाणी गोड आहे आमच्या विहिरीचं."

"गोड हाय," आजोबा म्हणाले. दुसऱ्या तांब्यानंतर त्यांनी विचारलं, "हीर किती खोल हाय?"

पुढचे दिवस आम्ही समुद्र पाहायला गेलो असं म्हणायचं, पण आजोबा मुख्यतः विहिरीवर होते. तिथे बाऱ्या कशा लागतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. रहाटाचा दोर कुजलेला, एका घराची बादली फुटकी, निम्मं पाणी परत आत सांडतंय. तिन्ही घरच्यांना त्यांनी ऐकवलं. परक्या गावात येऊन, पाहुणा म्हणून! नानांना इतकी लाज वाटली की ते वाळूतच बसून राहिले. शेवटी संध्याकाळी आई बापाला ओढून समुद्रावर घेऊन गेली. किनाऱ्यावर आमच्याशिवाय जाळं सुकवणाऱ्या दोन बायका होत्या, बाकी कोणी नाही. काकूने पाय भिजवले आणि "ओ माय" करत मागे पळाली. आजोबा बराच वेळ उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.

"एवढं पानी," ते म्हणाले, "आन् एका वाफ्याला उपेग न्हाई."

निघताना सामान भरलं जात होतं. योहानमामांनी नवी नळी मंडणगडहून आणून बसवली होती. रिकामा ड्रम मी उचलून जीपकडे नेला, तर आजोबा मागून आले आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. न्हाणीत नेऊन त्यांनी तो भिंतीला लावून ठेवला, हलवून पाहिला, खाली चिऱ्याचा तुकडा घातला म्हणजे डगमगणार नाही. "राहू दे हितंच," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "घागरीनं किती साठवशील?" मावशीने पदर तोंडाला लावला. जीपमध्ये ड्रमच्या जागेवर काकूने ताबडतोब आपलं गाठोडं ठेवलं आणि त्यावर नारळ, म्हणजे माझ्या गुडघ्यांना जाताना जी जागा नव्हती ती येतानाही मिळाली नाही.

मावशीला मूल झालं नाही. आजोबा मात्र पुढे दर उन्हाळ्यात केळशीला जायचे, एसटीने, एकटे, सायकलची ती बाटली रिकामी घेऊन. ड्रम अजून तिथेच आहे. त्याचं झाकण केव्हाच हरवलं, त्यावर स्टीलची परात असते. आता तिच्याकडे नळ आला आहे, एक दिवसाआड पाणी येतं, ड्रमची काही गरज उरलेली नाही. तरी पाहुणा येणार म्हटलं की ती तो भरते.

आज सकाळी मुलाने गटावर लिहिलं की पाण्याचे दोन खोके घेतो. मी लिहिलं, एकही खोका घ्यायचा नाही, त्या जागेवर व्याही बसतील. उत्तर म्हणून आमच्या ह्यांनी गुलाबाचं फूल पाठवलं. तारीख ठरायची वाट बघत बसले तर दिवाळी येईल, म्हणून मी सरळ मावशीला फोन लावला.

"मावशी, शनिवारी येतोय."

"नक्की ना? मागच्या वर्षीसारखं ऐनवेळी फिरवाल."

"नक्की. जितके मावतील तितके येतो."

"मग ठेव फोन," ती म्हणाली. "नळाला पाणी आलंय."